आपण जेवलात का

"परतीची तारीख?" नर्सने विचारलं.

प्रवासाआधीच्या लसी टोचून घ्यायला मी वीरकला, माझ्या थोरल्या भावाला, घेऊन गेले होते. तो समोरच्या खुर्चीत दंड उघडा करून बसला होता.

"परतीची नाही," मी म्हटलं.

"ठरली नाही का अजून? अंदाजे टाकते."

"तो परत येणार नाही."

ती हसली. "इतका आवडेल म्हणता कंबोडिया? पहिलीच खेप ना?"

"पहिलीच," वीरक म्हणाला. "तीही सरकारी खर्चाने. सरकारचा जावई आहे मी."

दोघंही हसले. तिची काही चूक नव्हती, तरी मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मला ओरडता येत नाही. मी लाँग बीच शहराच्या पाण्याची तपासणी करते, तिथे आवाज चढवायची वेळ येत नाही.

कत्तलींच्या काळात आई वीरकला पोटात घेऊन कंबोडियातून चालत निघाली. सीमेपलीकडे, थायलंडमधल्या छावणीत तो जन्मला. मी नंतर, इथे अमेरिकेत. आई तीच, बाप तोच, ताटातला भात तोच. दोन नमुन्यांत फरक एकच, जन्माच्या जागेचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका बारच्या बाहेर एका माणसाचा जबडा फोडला. फोडला हे खरं आहे, त्याने ते कधी नाकारलं नाही. शिक्षा भोगून आला आणि वीस वर्षं टायरच्या दुकानात राबला. तोच जबडा मी फोडला असता तर शिक्षा संपली की विषय संपला असता. वीरक इथला नागरिक नव्हता, म्हणून आता त्याला परत पाठवायचं ठरलं. ज्या मातीला त्याचा पाय लागलेला नाही, तिथे परत! हा शब्द ज्याने वापरला त्याला मी दुसऱ्यांदा पहिलीत बसवलं असतं.

सोमवारी सकाळी एक बॅग घेऊन इमिग्रेशनच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. लसी झाल्या तो शनिवार.

घरी येऊन पाहते तो बॅग पुन्हा हलकी. आदल्या दिवशी मी भरलेले शर्ट कपाटात आणि मोजे खणात परत गेले होते. तापाच्या गोळ्या फ्रिजवर ठेवलेल्या. आठवडाभर हेच चाललं होतं. मी भरायची आणि आईने काढायचं.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर फळी घेऊन गवती चहाचे देठ बारीक चिरत बसली होती.

"आई, मोजे का काढलेस?"

"धुवायचे होते."

"नवे आहेत ते."

"नव्याला खळ असते."

"तू बॅग रिकामी केलीस म्हणून त्याचं जाणं थांबणार आहे का?"

"तू भरलीस म्हणून हे लवकर उरकणार आहे का?" तिने मान वर केली नाही. "भर. हौस आहे तर भर. मी त्याला तिथून काढायला किती चालले, आणि तू त्याला तिथे पाठवायला मोजे घेतेस."

हे भांडण मला जिंकायचं नव्हतं. मला तिच्याकडून भाषा हवी होती. वीरक तिथे उतरला की पहिल्या तासात पोलीस त्याला प्रश्न विचारणार. त्यानंतर घरमालक आणि काम देणारा. तिथली भाषा ख्मेर, आणि आम्हा दोघांना ती येते ती याच स्वयंपाकघरातली, चार भिंतींत मावेल एवढी. धड ख्मेर घरात फक्त आईला येते, आणि त्या देशाबद्दल ती चाळीस वर्षांत एक वाक्य बोललेली नाही.

"थोडं बोलायला तरी शिकव त्याला," मी म्हटलं.

"बोलतो की. माझ्याशी बोलतो."

"तिथे तू नसशील."

सुरी थांबली, आणि पुन्हा चालू झाली.

इतक्यात सारुनमावशी आली. नात्याने मावशी नव्हे, शेजारीण. तिचं डोनटचं दुकान आहे, त्यामुळे कधी रिकाम्या हाताने येत नाही. लग्न होऊन कंबोडियाच्या राजधानीतून, नॉम पेन्हहून इथे आली आणि दर दोन वर्षांनी आनंदाने तिकडे जाऊन येते. गुलाबी खोका टेबलावर ठेवून ती म्हणाली, "काय रे वीरक, माहेरी निघालास म्हणे!"

"हो मावशी, सोमवारी पाठवणी आहे. रडायला या."

"चल, रडतोय कशाला! मजा आहे तिकडे. रस्त्यावरचा बर्फ तेवढा खाऊ नकोस. नोटा कोऱ्या करकरीत घेऊन जा, जरा फाटली असली तरी हातात धरत नाहीत. आणि ऊन जपून, तुला सवय नाही."

बर्फ खाऊ नकोस! जणू दहा दिवसांची सहल होती, आणि परत आल्यावर आम्ही सगळे मिळून फोटो बघणार होतो.

"बोलता येतं ना पण?" मावशीने खुर्ची ओढली. "बघू. मी विमानतळावरचा साहेब. तिकडे भेटल्याबरोबर हेच विचारतात. काय हो, जेवण झालं का तुमचं?"

वीरक ताठ उभा राहिला, हात जोडले आणि स्वच्छ ख्मेरमध्ये म्हणाला, "हो साहेब, गिळलं. तुम्ही गिळलंत का?"

मावशी हसत सुटली. टेबलावर डोकं टेकवून हसली. "अरे, कुत्र्याला म्हणतात तसं! साहेबाला म्हणशील तर तिथल्या तिथे कानाखाली बसेल."

"मग काय म्हणायचं?" वीरक अजून हात जोडून उभा होता. "घरात तर हेच ऐकलं."

खरंच हेच ऐकलं होतं. मीही मनातल्या मनात शोधलं. गिळ. गप. उचल. पळ. मान खाली घाल. यापलीकडे माझ्याकडे एक क्रियापद नव्हतं. आमच्या भाषेत भिक्षूने जेवायचा शब्द वेगळा, वडीलधाऱ्याचा वेगळा, लेकराचा वेगळा, जनावराचा वेगळा. हे मी शिकले ते विद्यापीठात, कुणा परक्याने लिहिलेल्या पुस्तकातून. आईने आम्हाला जनावराचा दिला होता. तिच्या तोंडी तो मला नेहमी मायेचाच वाटत आला.

"इकडे ये, मी शिकवते," मावशी डोळे पुसत म्हणाली. "कुणी मोठा असला की म्हणायचं..."

"सारुन." आई उठून उभी राहिली होती. सुरी हातातच. "माझ्या पोराला तू शिकवू नकोस."

"अगं, मी आपलं..."

"तू नाही. तो शब्द तू फुकट वापरतेस."

मावशीचा चेहरा पडला. आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती वीरककडे बघत होती, आणि इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. जबडा फोडला होता तेव्हासुद्धा नाही.

"माझे वडील मास्तर होते," ती म्हणाली. "त्या लोकांचं राज्य आलं, शिकलेल्यांना वेचून मारायला लागले आणि सगळे शब्द बंद झाले. सगळ्यांनी एकच म्हणायचं, खा. मोठा नाही, धाकटा नाही. मास्तरांनी शेतकऱ्याचे कपडे घातले, चष्मा पुरला, हात चिखलात घालून खडबडीत करून घेतले. कुणाला कळलं नाही. एक दिवस पहारेकरी दारात आला. मिसरूडही न फुटलेलं पोरगं, खांद्यावर बंदूक. घरी आलेल्या माणसाला विचारतात तसं मास्तर सवयीने बोलून गेले. आपण जेवलात का?"

आईने सुरी खाली फळीवर ठेवली.

"संध्याकाळी घेऊन गेले. एवढ्यावरून. म्हणून मी तुम्हाला गिळ शिकवलं. गिळ म्हणणाऱ्याला कुणी मास्तर समजत नाही."

"मला सांगितलं नाहीस कधी," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आम्ही तुला अडाणी समजत होतो! मी समजत होते!"

"समजा. जिवंत आहात ना."

सारुनमावशी हळूच निघून गेली. खोका तसाच राहिला.

आईने भात वाढला, वर माशाची आमटी घातली आणि ताट वीरकपुढे ठेवलं. मग त्याच्यासमोर बसली, हात जोडले आणि आपल्या पोटच्या पोराला, मोडलेल्या नाकाच्या त्या टायरवाल्याला, म्हणाली, "आपण जेवावं."

वीरक हसायला गेला, पण त्याला हसू फुटलं नाही.

"म्हण."

"आपण जेवावं."

"तोंडातल्या तोंडात नको. भीक मागतोयस का? म्हण."

"आपण जेवावं. आपण जेवलात का?"

"आता नीट. माझा बाप म्हणायचा तसं."

ती त्याला म्हणायला लावत राहिली. बसावं, यावं, क्षमा असावी, माझं नाव अमुक. चुकलं की फळीवर सुरीची मूठ आपटायची. शेवटी म्हणाली, "हे तोंडाने म्हणायचं. मनात काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. आता गिळ, निवतंय."

रविवारी मी बॅग भरली. तिने काही काढलं नाही.

सोमवारी त्या ऑफिसच्या दाराशी एक तरुण पहारेकरी उभा होता. एका हातात सँडविच, दुसऱ्या हाताने त्याने बॅगेची चेन ओढली आणि मोजे उलटे करून पाहिले. वीरकने हात जोडले. आवाज स्वच्छ, सावकाश, आईने घोटून घेतला होता तसाच.

"आपण जेवलात का?"

पहारेकऱ्याने वर पाहिलं. "काय म्हणालास? इथे इंग्रजीत बोलायचं. कळलं? इंग्रजीत!"

मी तोंड उघडलं, ओरडायला. आजवर कधी ओरडले नव्हते, तशी. पण माझ्याआधी आईच ओरडली, ख्मेरमध्ये, रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहावं अशी.

"वीरक्या! तो शब्द याच्यावर नको घालवूस. याला गिळ म्हण!"