अकरा वर्षं मागे पडलेला कॉम्प्युटर

कॉलेजात सरांना सगळे 'मूळपुरुष' म्हणत. सर नेटवर्किंग शिकवायचे आणि कुणी तयार सॉफ्टवेअर वापरलं की भडकायचे. "आयत्या बिळावर नागोबा व्हायचं नाही! सोर्स कोड घ्या, म्हणजे मुळातलं लिखाण, आणि त्यातून चालणारं सॉफ्टवेअर स्वतः कंपाइल करा!" शुक्रवारी एका मुलीला लॅबच्या जुनाट कॉम्प्युटरवर ते जमेना. काहीतरी दाखवायला ती पुढे आली, तर सरांनी तिला वर्गाबाहेरच काढलं. वर सुनावलं, "सोमवारी मी करून आणतो. ज्याला जमत नाही, त्यानं माझ्या वर्गात पाऊल टाकू नये."

रविवारी सकाळी सरांनी घरच्या जुन्या डेस्कटॉपला पेनड्राइव्ह लावला. त्यात नेटवर्क सिम्युलेटरचा सोर्स होता. शंभर कॉम्प्युटरांचं जाळं एकाच्याच पोटात खोटं खोटं उभं करायचं, असं ते फुकटचं सॉफ्टवेअर. कमांड दिली. ओळी धावल्या, थांबल्या आणि परत पहिल्यापासून धावल्या. दुपार झाली तरी घाण्याचा बैल जागच्या जागी.

मधूनमधून वॉर्निंग यायची. वॉर्निंग म्हणजे नुसती कुरकुर, मनावर घ्यायची नसते, हे सरांचं तत्त्व. संसारातही तेच.

"अहो, त्या कॉम्प्युटरची तारीख..." बायको दारातून म्हणाली.

"तुझं नंतर!"

शेवटी सरांचं डोकं फिरलं. मोबाईलवरून त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या जाहीर फोरमवर ठोकून दिलं, 'हा कोड लिहिणाऱ्यांना अक्षरओळख तरी आहे का?' सोबत स्क्रीनचा फोटो. खाली पूर्ण नाव, पदव्या, हुद्दा.

जेवायला आलेले सासरे खुर्चीमागे येऊन उभे राहिले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.

"बाबा, हे तुमचं खातं नाही."

"पण जावईबापू, इथं 'क्लॉक' लिहिलंय. माझ्या दुकानाच्या पाटीवर होता हा शब्द. तेवढंच इंग्रजी येतं मला."

सरांनी स्क्रीनचा कोपरा पाहिला. घड्याळ चालवणारा आतला सेल मेला होता, आणि कॉम्प्युटर खुशाल अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेत बसला होता. त्याच्या लेखी पेनड्राइव्हवरच्या फायली अजून जन्मायच्याच होत्या. म्हणून बिचारा दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायचा.

"दोन महिने सांगतेय मी," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी पिशवीतून बटणाएवढा सेल काढला. "घड्याळजीचा जावई, आणि अकरा वर्षं मागे! चारचौघांत सांगू नका हं."

सेल बसवून तारीख लावली, आणि वीस मिनिटांत कंपाइल झालं. सर पोस्ट पुसायला धावले, पण तिथं उत्तर येऊन पडलं होतं. 'नमस्कार सर. फोटोत दर चौथ्या ओळीला वॉर्निंग आहे. कॉम्प्युटरचं घड्याळ बघता का? शुक्रवारी लॅबच्या कॉम्प्युटरचंही असंच होतं, मी तेच दाखवायला आले होते.'

खाली साठ जणांनी अंगठे दिले होते. त्यातले बावीस सरांच्याच वर्गातले.

सोमवारी दहा वाजता वर्ग भरला, पण सर आत शिरेनात. उंबऱ्याबाहेर उभं राहून, पहिल्या बाकावरच्या त्या मुलीकडे बघत त्यांनी बारीक आवाजात विचारलं,

"येऊ का आत?"