आवडलं ते राहू द्या

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह. अंगठ्याएवढा जीव, टोपण कधीच हरवलेलं आणि पोटात एका बाजूला कायमचा बिघाड. सध्या माझा मुक्काम एका छपाईच्या दुकानात, टेबलाच्या खालच्या खणात आहे. शेजारी वाळलेल्या शाईच्या बाटल्या आणि गंजलेली पाती. ही मंडळी बोलत नाहीत, म्हणून मीच तुमच्याशी बोलतो.

माझे आईबाप कोण ते विचारू नका. कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच वेळी जन्मले आणि कुणाला कुणाचा निरोप घ्यायची सवड मिळाली नाही. दुकानाच्या मालकांनी मला कामासाठी आणलं. इथे मोठमोठे फलक छापतात. दवाखान्यांचे, शिकवण्यांचे, 'येथे गाडी लावू नये'चे. संगणक पुढच्या खोलीत आणि छपाईचं यंत्र मागच्या, त्यामुळे तयार झालेला फलक पोटात घालून मी दिवसभर हेलपाटे घालायचो. तेव्हा माझा काय रुबाब होता! मी सापडेनासा झालो की मालकांसकट सगळं दुकान टेबलाखाली वाकायचं.

संगणकावर दोन माणसं काम करायची. सकाळी ताई, दुपारनंतर दादा. ताई बस गाठायला निघून गेली की तासाभराने दादा दुसरीकडची नोकरी आटपून यायचा. मधला तास मालक जांभया देत बसायचे. खुर्ची एक, टेबल एक, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. "तुमचं म्हणजे सूर्य-चंद्राचं आहे बुवा," मालक म्हणायचे.

एकदा दादा स्वतःची एक विज्ञानकथा माझ्यातच विसरून गेला. म्हणजे लिहिलेली नव्हे, वाचायला घेतलेली. दूरच्या ग्रहावर एकटीच राहणारी एक बाई पृथ्वीला निरोप पाठवते आणि उत्तर येईपर्यंत म्हातारी होते, अशी ती कथा. ताईने ती जेवणाच्या सुट्टीत वाचली, डबा तसाच राहिला. जाताना तिने कथेशेजारी एक गाणं ठेवलं. जुनंच गाणं, पण कुणा नवख्या गायिकेने नुसत्या गिटारवर म्हटलेलं.

झालं, तिथून देवघेव सुरू झाली. दादाने माझ्यात 'आवडीचं' नावाचा एक कप्पा केला. तो विज्ञानकथा ठेवायचा आणि फुकट मिळणारी छोटी छोटी सॉफ्टवेअर. ताई ठेवायची जुन्या गाण्यांची नवी रूपं. माझं पोट लहान, म्हणून दादाने नियमही लिहून ठेवला होता. आवडलं ते राहू द्या, नाही आवडलं ते पुसा. प्रत्येकाने आपल्याला हवं त्याची कॉपी करून घ्यायची. 'छान आहे' असं कुणी लिहायचं नाही. सकाळी उघडल्यावर आपली वस्तू जागेवर दिसली की तेच कौतुक. ताई तेवढ्यावर दिवसभर खुशीत असायची. खरं सांगू? मीसुद्धा असायचो. फलकांचं ओझं कुणीही वाहील, पण कुणाच्या आवडीनिवडी पोटात घेऊन फिरण्यात मजा वेगळी.

मग दादाने एक सॉफ्टवेअर ठेवलं. आवाज टिपायचा, त्यातली खरखर काढून टाकायची. ताईने ते बरेच दिवस उघडून पाहिलं आणि बंद केलं. तिचा आवाज जरा घोगरा. लहानपणी ती गायची, पण भावाने एकदा चारचौघांत "फुटकं भांडं वाजतंय" म्हटलं आणि तिने गाणं सोडलं ते सोडलंच. एका सकाळी मालक बँकेत गेले होते. तिने यंत्र बंद केलं, दार लोटलं आणि एक जुनं गाणं संथ लयीत, आपल्या घोगऱ्या आवाजात म्हटलं. संगणकावर ठेवलं तर मालकांच्या हाती लागेल म्हणून फक्त माझ्यात ठेवलं. नाव दिलं नाही.

"पुसलं तर पुसलं," ती स्वतःशीच म्हणाली. "मग पुन्हा नाही तोंड उघडायचं."

संध्याकाळी दादाने ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग घरी मावशीला फोन लावला. "अगं मावशी, काय आवाज आहे! कोण बाई आहे कुणास ठाऊक, पण घरी आलो की ऐकवतो तुला." मी आनंदाने फुगलो होतो. पण आदल्याच आठवड्यात माझ्यातले दोन फलक खराब निघाले होते, आणि दादाला ते आठवलं. "या डबड्याचा काय भरवसा? हे जायला नको." असं म्हणून त्याने ते गाणं कॉपी न करता कट केलं, म्हणजे माझ्यातून उचललंच, आणि आपल्या फोनमध्ये जपून ठेवलं. नियम त्याच्या ध्यानातच राहिला नाही.

सकाळी ताईने कप्पा उघडला. गाणं नव्हतं. तिने सगळे कप्पे शोधले, मला काढून पुन्हा लावलं, पुन्हा शोधलं. माझी स्थिती म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सगळं ठाऊक, सांगायला जीभ नाही. ती रडली नाही. तिने ते आवाज टिपायचं सॉफ्टवेअर पुसलं, आणि मग दादाच्या सगळ्या कथा.

संध्याकाळी दादा रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिला. "कंटाळल्या वाटतं आपल्याला," एवढंच म्हणाला. त्यानंतर दोघांनी त्यात काहीच ठेवलं नाही. वर्षभर मी नुसते फलक वाहिले. मग दोन्ही खोल्यांमध्ये तार आली, फलक तारेतून जाऊ लागले. गरज सरो, वैद्य मरो! माझी रवानगी या खणात झाली.

पुढे ताईने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहाला थांबवलं, दादालाही लवकर बोलावलं. खण अर्धवट उघडा होता, म्हणून मला ऐकू आलं.

"दादा ना तुम्ही? बरं झालं, जाताजाता तरी भेट झाली," ताई म्हणाली.

दादाच्या हातातला कप खाली आला. रोज मावशीबरोबर ऐकलेला आवाज तो कसा विसरेल? "ते गाणं... तुम्ही म्हटलं होतंत?"

"हो. तुम्ही पुसलंत ते."

"पुसलं?" त्याने फोन काढून लावलं. दुकानात तो घोगरा आवाज पसरला. "आमची मावशी याच्याशिवाय झोपत नाही हो! हे हरवू नये म्हणून मी काढून घेतलं."

गाणं संपल्यावर त्याने फोन खिशात ठेवला.

"अजून म्हणता ना?" दादाने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "तेव्हापासून नाही."

बाहेर तिची बस आली. मालकांनी पिशवी उचलून दिली, ती गेली, आणि दादा कप विसळायला नेत असताना कुणाच्या तरी पायाने खण बंद झाला.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, टोपण लावा, असं मागणं मी मागणार नाही. माझे दिवस संपले. तुम्हाला कुणाचं काही आवडलं, तर ते नुसतं जपून ठेवू नका. त्याला त्याच दिवशी तोंडाने सांगा. आम्ही मुक्या वस्तू तुमचा निरोप पोचवू शकत नाही. वर्षभर मी त्या दोन खोल्यांमधून फिरत होतो, आणि तिने म्हणायची किती गाणी त्या वर्षात राहून गेली, हे आता कुणालाच कळणार नाही.