दुपारी सैल होणारा नट

सलग चौथ्या दिवशी तेच! जेवून येऊन सुनेने लाकूड कोरायच्या राऊटर मशीनचं बिट, म्हणजे त्याचं पातं, बोटांनी हलवून पाहिलं, तर ते आपलं गरकन फिरलं. जाण्याआधी तिने ते धरणारा नट दोन पान्यांनी करकचून आवळला होता. बिट आधी तळाला टेकवून, मग दोन मिलिमीटर वर घेऊन, अगदी नवऱ्याने शिकवलं होतं तसं.

"का छळतोस रे?" ती रिकाम्या कारखान्यात म्हणाली.

नवऱ्याला जाऊन पंधरा महिने झाले होते; तेव्हापासून बंद असलेलं मशीन तिने याच आठवड्यात पुन्हा सुरू केलं होतं. त्या दुपारी त्याने हेच मशीन सुरू केलं, बिट सुटलं आणि थेट गळ्यात घुसलं. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही बिचारा. जेवणाआधी बिट बसवलं होतं हिने. पहिला आठवडाभर ती शपथेवर सांगत होती की मी नट आवळला होता. लोक नुसतं 'हं' म्हणून मान हलवायचे. मेलं ते 'हं'! त्यापेक्षा शिवी परवडली. महिन्याभरात तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला आणि मीच विसरले असेन, असं ती म्हणू लागली.

आता तो रोज येऊन नट सैल करून तिची चूक दाखवतो, अशी तिची खात्री झाली होती. भुतं काय जेवणाच्या सुट्टीत येतात? पण तिला सांगणार कोण! डोळ्याला डोळा नाही, पोटात अन्न नाही. त्याने एकदा समोर यावं, वाटेल ते बोलावं, पण त्या दिवशीचा सोक्षमोक्ष लावावा, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून पाचव्या दिवशी नट आवळून ती जेवायला गेलीच नाही. प्लायवूडच्या थप्पीमागे जीव मुठीत धरून उभी राहिली.

दार करकरलं. चपला फरफटवत आत आले ते सासरे. हात थरथरतात म्हणून त्यांनी काम सोडलं त्याला सहा वर्षं झाली होती, आणि हल्ली तर सकाळचा चहा घेतला की नाही हेही त्यांना आठवत नसे. हातांना मात्र सगळं आठवत होतं. त्यांनी आधी प्लग काढला, पाने लावून नट अर्धा फेरा सैल केला, फुंकर मारून भुसा उडवला आणि प्लग परत लावला.

ती पुढे आली. "बाबा, हे काय करताय?"

"अगं, केवढा दचकलो मी! जेवायला उठताना नट ढिला करायचा असतो. सतत आवळलेला राहिला तर बिट धरणाऱ्या आतल्या चिमटीची पकड जाते. आल्यावर आवळतोच की परत."

"रोज करता?"

"चाळीस वर्षं. एक दुपार चुकवली नाही," म्हातारा ऐटीत म्हणाला.

त्या दुपारीही ते इथेच स्टुलावर बसले होते. तीच तर त्यांना जेवायला या म्हणून सांगून पुढे गेली होती. म्हणजे तिने नट आवळला होता! रस्त्यावर जाऊन 'हं' म्हणणाऱ्या एकेकाला गदागदा हलवावं, ओरडून सांगावं, असं तिला झालं.

तेवढ्यात सासऱ्यांचा चेहरा उतरला. हातातल्या पान्याकडे बघत ते पुटपुटले, "पोरी, त्या दिवशी मी इथे होतो का गं?"

एकुलता एक मुलगा होता त्यांचा.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला ताप होता. घरी झोपला होतात. नट आवळायला मीच विसरले."

त्यांनी खोल श्वास सोडला. मग थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"होतं असं माणसाकडून. मी तुला केव्हाच माफ केलंय. मनाला लावून घेऊ नकोस."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि त्यांना हाताला धरून जेवायला घेऊन गेली.