तिनाला तीन

सोमवारी सकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर या वस्तू होत्या : अ‍ॅम्प्लिफायर एक, बारा व्होल्टची बॅटरी एक, भोंगे दोन, माइक एक, माझा वॉकमन एक, सेल चार (दोन आत, दोन जादा) आणि कॅसेट एक. कॅसेटची दुसरी प्रत नव्हती. पाराभोवतीच्या बायका मोजल्या तेव्हा त्रेचाळीस होत्या. चव्वेचाळिसावी, धुरपदाअक्का, अजून घराबाहेर आली नव्हती.

१९९१ चा श्रावण होता. आमचं गाव एरंडोल तालुक्यात, गिरणेच्या काठी. रविवारी कानबाई, आमच्या खानदेशाची देवी, बसते, सोमवारी सकाळी तिला गात नदीवर नेतात. तीस वर्षं पुढचं गाणं, म्हणजे प्रत्येक ओळ आधी म्हणणं, अक्काचं होतं. मागच्या माघात धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. तेव्हापासून ती गळ्याच्या भोकावर पदर धरून घरात बसायची. ओठ हलवायची, आणि ते फक्त तिची सून प्रमिलाबाई वाचू शकायची.

कॅसेट तीन वर्षांपूर्वीची, कानबाईच्या दिवशीच भरलेली. अक्काच्या दीपनगरच्या भाच्याने दोन माइकांचा टेपरेकॉर्डर आणला होता. अक्का बरोबर मधोमध बसली, ढोलकी डावीकडे, मागून म्हणणाऱ्या बायका उजवीकडे. मी तेव्हा जळगावात बी.एस्सी. करत होतो. आता तिथल्याच मेहरूणच्या खोलीत हेडफोन लावून ती ऐकली तेव्हा अक्काचा आवाज थेट कपाळात ऐकू आला. मी प्रमिलाबाईंना म्हणालो, हे भोंग्यावर लावता येईल. त्या घरात विचारून आल्या.

"अक्का सांगस, मन्हा आवाज गाणार व्हई, तर मी कानबाईना पुढे चालसू."

हेडफोन लावून बघा म्हटलं, तर ते तिला नको होतं. बठ्ठ्यांसोबत, सगळ्या बायकांबरोबर ऐकायचं होतं.

मंडपवाल्या मोतीलालच्या अ‍ॅम्प्लिफायरची टेप लावायची खाच तुटलेली होती. उरली माइकची. वॉकमनमधून निघणारा सिग्नल माइकपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो, सरळ जोडला तर आवाज फाटतो. म्हणून मी हिशेब करून रेझिस्टर जोडले. तो हिशेब बरोबर होता. माइकच्या पिनेला तीन तारा होत्या, हेडफोनच्या पिनेलाही तीन : डावी, उजवी, जमीन म्हणजे अर्थिंग. मी तिनाला तीन जोडल्या.

अक्का आली. हिरवं लुगडं, हातात नारळाचं ताट. बायकांनी वाट करून दिली. कुणीतरी म्हणालं, "ये वं माय, किती दिनसनी दिसनी!" ती पाराच्या पायरीवर बसली आणि वर भोंग्याकडे बघत राहिली.

मी बटण दाबलं.

ढोलकी स्वच्छ वाजली. टाळ्या वाजल्या. टेपमधल्या बायकांनी ओळ उचलली, थांबल्या, पुन्हा उचलली. त्यांच्या आधीच्या जागा रिकाम्या होत्या. मी व्हॉल्यूम वाढवला. ढोलकी मोठी झाली.

मोतीलाल हसला. "बीएस्सी, ढोलकी उनी, टाळ्या उन्यात, गाणारी कोठे गई? बस चुकनी का तिन्ही?"

एक-दोघी हसल्या. अक्काचे ओठ हलले.

"अक्का इचारस, मन्हा आवाज कोठे शे?"

त्रेचाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. काल टेम्पोत कॅसेट भोंग्याला लागून ठेवली होती, ते मला आठवलं. भोंग्यात लोहचुंबक असतं, लोहचुंबकाने टेप पुसली जाते. हे पुस्तकात आहे. मी न तपासता बोललो, "पुसला गेला असेल, अक्का. लोहचुंबकानं."

"पुसाई गया, अक्का," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. मी शिकलेला होतो, त्यामुळे कुणी दुसरं काही विचारलं नाही.

अक्काने हात पुढे केला. मी कॅसेट काढून दिली. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. प्रमिलाबाई सांगेनात. मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धुळाले गळामातून काढा, आते आठून, टेपमातूनबी काढी लिधा, असं सांगस."

मिरवणूक गेली; अक्का पुढे नाही, कॅसेट घेऊन सगळ्यांच्या मागे. पुढचं गाणं कुणी नीट धरेना. एक आवाज निघायचा आणि दोन घरांपुढे विझायचा.

मी तारा गुंडाळत बसलो. मग लक्षात आलं. चुंबक ढोलकी ठेवून फक्त माणसाचा आवाज कसा पुसेल? कागदावर पिना काढल्या. माइकच्या दोन तारांवर आवाज उलटसुलट येतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दोन्हींतला फरक घेतो. दोन्हींवर सारखं जे येईल ते खरखर समजून टाकून देतो. ढोलकी एकाच तारेवर होती, टाळ्या दुसरीवर. मधोमध बसलेली अक्का दोन्हींवर सारखी होती.

मी नदीकडे पळालो. गिरणेला गढूळ पूर होता. कानबाई बुडवून झाली होती, बायका घरी न्यायला ओंजळीत वाळू घेत होत्या.

"कॅसेट?"

"कानबाईसंगे सोडी दिधी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मी अक्कासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. आवाज कॅसेटमध्ये होता, पूर्ण होता, चूक माझ्या तारांची होती. तिने ऐकून घेतलं. पदराखालचा हात न काढता ओठ हलवले.

"अक्का सांगस," प्रमिलाबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मन्हासाठे खोटं नको बोलू, दादा."

गुरुवारी मोतीलालचा अ‍ॅम्प्लिफायर मागून जळगावला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. एका कॅसेटच्या डाव्या-उजव्या दोन्ही ट्रॅकवर एकच सूर भरला आणि वॉकमनवर लावला. डाव्या तारेवर ३१० मिलिव्होल्ट. उजव्या तारेवर ३१० मिलिव्होल्ट. सोमवारची जोडणी जशीच्या तशी करून भोंग्याच्या टोकांवर मोजलं : ०.० व्होल्ट.