तळघराच्या खिडकीने दिलेली खोटी ग्वाही

मी एक जुनी खिडकी आहे, तळघरातली. माझी उंची वीतभर, आणि माझ्यातून दिसतात ती फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं. सुताराने मला बसवलं तेव्हा म्हणाला होता, "एवढीशी आहे, पण खोलीचा जीव हिच्यात आहे." मित्रांनो, त्या कौतुकाने मी वर्षानुवर्षं फुगले होते.

या भागातल्या जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो घरात शिरतो, साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. म्हणून एक मोजणीवाला आला. तळघरातल्या कपाटावर वायू मोजणारी छोटी डबी ठेवून म्हणाला, "मी ती न्यायला येईपर्यंत दारं-खिडक्या बंदच ठेवा हं, वहिनी."

आईने मान डोलावली. पण परका माणूस परत येणार आणि खोलीला हा कोंदट वास? तिला ते बघवेना. रोज सकाळी तिने फरशी पुसली आणि मला सताड उघडलं. मीही हौसेने वारा आत घेतला.

आकडा अगदी कमी आला. "बघ, आपलं घर कसं चोख!" बाबा म्हणाले. थंडी पडली तशी ताईची खाट खाली आली, कारण तळघर उबदार. मला फटींत कापड कोंबून बंद केलं. ताई माझ्याखाली अभ्यास करी, झोपे. असे दोन हिवाळे गेले.

मग शेजारच्या काकूंकडे आकडा भलताच जास्त निघाला.

"आमच्याकडे बाई काहीच नव्हतं," आई म्हणाली.

"खोली बंद ठेवली होतीस ना गं?"

आईने हातातला कप खाली ठेवला आणि त्याच दिवशी मोजणीवाल्याला पुन्हा बोलावलं.

या वेळी मला घट्ट मिटून पुन्हा मोजलं. आमचा आकडा काकूंच्याही वर गेला. ताई हसून म्हणाली, "म्हणजे मागच्या वेळी आपण चक्क कॉपी करून पास झालो!" बाबाही हसले. आई हसली नाही. तिने एकटीने ताईची गादी उचलली आणि जिन्यावरून वर नेली. "अगं, मी धरते ना," ताई म्हणत राहिली. आईने तिला खाली पाऊल ठेवू दिलं नाही.

आता भेगा बुजवल्या आहेत. फरशीखालून निघालेला पाइप छपराच्या वर गेला आहे, आणि त्यातला पंखा तो वायू घरात शिरण्याआधीच बाहेर फेकतो. त्यानंतर पुन्हा मोजलं, तेव्हा खराखुरा कमी आकडा आला. पण त्या दोन हिवाळ्यांत ताईच्या छातीत किती गेलं, ते आता कुणालाच मोजता येणार नाही. आई अजून तिच्या साध्या खोकल्यालाही दचकते. मला ते खालूनही ऐकू येतं.

मित्रांनो, घराची मोजणी होईल तेव्हा पाहुण्यासाठी आवरतात तसं घर आवरू नका. कोंदट असेल तर कोंदटच राहू द्या. मला बंद ठेवा, आणि आईने विसरून हात लावलाच, तर तिचा हात धरा.