पांढऱ्या पाटीवरची हळद

मी एक जुनी पांढरी पाटी आहे. वीतभर लांब, वीतभर रुंद. माझ्यावर आजवर कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. कोरं राहणं हेच माझं काम होतं.

मित्रांनो, साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं काढली. तिथला कॅमेरा ड्रोनला बांधून उडवत. तो उजेडाचे दोनशेहून अधिक भाग वेगवेगळे पाहतो. प्रत्येक पदार्थ त्यातला काही उजेड गिळतो, काही परत पाठवतो. ती त्या पदार्थाची खूण. ओळखीच्या हजारो पदार्थांच्या खुणा संगणकात साठवलेल्या असतात. वरून टिपलेली खूण त्यांच्याशी ताडली, की खाली काय आहे ते कळतं. पण उड्डाणाआधी कॅमेरा माझा फोटो घ्यायचा आणि माझ्या पांढरेपणावरून बाकीचं सगळं मोजायचा. तिथली शास्त्रज्ञ दिशा मला हातमोजे घालूनच उचलायची.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात मंजुळाबाई आल्या. मुलुंडच्या खाडीत निवट्या, चिंबोऱ्या पकडून त्या विकायच्या.

"नाल्यातून रंग सोडतान गो," त्या दिशाला म्हणाल्या. "चिखल पिवला होते, चिंबोरी मरते. सायब बोलते, चिखल तसाच असते."

"तुमच्या तक्रारीची सुनावणी कधी आहे, मावशी?"

"सोमवारी. तुझा कागद नाय आला, तर आमची वाट लागली."

दसऱ्याला गाळा सांभाळणाऱ्या लवूकाकांनी हत्यारं पूजली. ड्रोन, कॅमेरा, पाने, पक्कड, सगळ्यांवर झेंडू. मग त्यांनी माझी पेटी उघडली.

"काका, ड्रोनलाच लावा हां!" दिशा आतल्या खोलीतून ओरडली.

"अगो, हत्याराक हळद नको? विमान पडात मगे!"

त्यांनी मला बोटभर हळद लावली. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली. डाग गेला, असं त्यांना वाटलं. माझ्या अंगाला बारीक छिद्रं आहेत. हळद पसरली आणि आत मुरली. वरून मी पांढरीच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी खाडीवर उड्डाण झालं. माझा फिकट पिवळेपणा कॅमेऱ्याने पांढरा धरला. त्यामुळे चिखलातला पिवळा रंग मापातून जवळजवळ पुसलाच गेला. संगणकाने खुणा ताडल्या आणि उत्तर दिलं, साधा चिखल. दिशाने तसाच अहवाल पाठवला. सोमवारी तक्रार फेटाळली गेली.

दीड महिन्याने नवी पाटी आली. दोघींचं माप शेजारी शेजारी घेतलं, तेव्हा दिशाला माझ्यात मुरलेला पिवळेपणा कळला. तिने जुनं माप दुरुस्त करून पुन्हा ताडलं. कापड रंगवायच्या रंगाची खूण जुळली. ती नवा अहवाल घेऊन साहेबांकडे धावली. "नव्याने तक्रार करा," असं उत्तर मिळालं. तोवर खाडीच्या त्या काठावर भराव पडला होता. तपासायला चिखलच उरला नव्हता.

मंजुळाबाई शेवटच्या आल्या तेव्हा लवूकाका मान खाली घालून उभे होते. "चूक माझी, बाय," एवढंच ते बोलले.

मंजुळाबाईंनी मला उघड्या हातांनी उचललं, खिडकीशी नेलं.

"मना त पांढरीच दिसते," त्या म्हणाल्या. "तुमना तरी हलद कशी दिसल?" मला जागेवर ठेवून त्या निघून गेल्या.

मित्रांनो, ज्यावरून तुम्ही इतरांना मोजता, ते आधी तपासा. तो पांढरेपणा फक्त डोळ्यांनी पारखू नका. कुणाचं तरी पोट त्यावर असतं.

आता मी फळीवर असते. मंजुळाबाईंच्या बोटांचे ठसे अजून माझ्यावर आहेत. ते पुसायची आता कुणाला गरज नाही.