सूचक मानसिंग, अनुमोदक मी

आमच्या केतकी क्रीडा मंडळाच्या जर्सीवर पाठीमागं आबांचा फोटो एवढा मोठा होता, की खेळाडूचा नंबर सरकत सरकत पार कमरेशी गेला होता. पोरांनी जर्सी चड्डीत खोचली की नंबर गायब. एकदा रेफ्रीनं पिवळं कार्ड भलत्याच पोराला दाखवलं. मी गोलच्या मागून ओरडले, "अहो, आबांनाच दाखवा की! सगळ्यांच्या पाठीवर तेच हायत!" निमगाव केतकीचं सगळं मैदान हसलं. मंडळाचे अध्यक्ष बाजीराव आबा तेवढे हसले नाहीत.

मी राजलक्ष्मी. माझा दिग्विजय या संघात डावीकडून खेळायचा. तो नोकरीला पुण्याला गेला, पण मला लागलेली फुटबॉलची खोड काही गेली नाही. आमच्या ह्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळं गोलच्या मागं माझ्या जोडीला असायचे मानसिंग भावजी. आमचा आणि त्यांचा बांधाला बांध, पण बांधावरून कधी भांडण नाही. भांडायचो ते ऑफसाइडवरून.

मॅच संपली की आम्ही दोघं संघ सुधारायला बसायचो. भावजींचं म्हणणं, चेंडू आला की जो तो आभाळात हाणतो, जरा पायात ठेवायला शिका. माझं म्हणणं, दिग्विजय गेल्यापासून डावी बाजू उघडी पडलीय. "आईला तसंच दिसणार," भावजी म्हणायचे. सरावाच्या दिवशी नेमका मैदानावर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडलेला असायचा, त्यावर दोघंही तोंडसुख घ्यायचो. आणि एका गोष्टीवर आमचं पक्कं एकमत होतं. आबांचा पुतण्या यशराज जोवर पुढं खेळतोय, तोवर देव खाली उतरला तरी गोल होणार नाही. यशराज पळायचाच नाही. पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसा तो चेंडूची वाट बघत उभा राहायचा.

हे सगळं बदलायला एकच माणूस धडपडत होता, रविंद्र सर. बारामतीहून एसटीनं यायचे, उन्हात उभे राहायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. "लहान पास, जवळचा माणूस बघा," एवढं एकच पोरांना पुन्हा पुन्हा सांगून त्यांनी संघाला आकार दिला होता.

बारामतीच्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचलो. हाफटाइमला एका गोलनं मागं होतो. सरांनी यशराजला बाहेर बसवलं. सगळ्यांच्या माना स्टेजकडं वळल्या, कारण आबा गळ्यात हार घालून तिथं बसले होते. त्यानंतर आमच्या पोरांनी दोन गोल केले. लहान पास, अगदी सरांनी शिकवले तसे. मी आणि भावजी रडत होतो आणि हसत होतो. स्टेजकडं बघितलं तर आबांची खुर्ची रिकामी होती.

दोन दिवसांत बातमी आली. फायनलच्या आधी आबा मंडळाची सभा घेणार आणि सरांना नारळ देणार.

माझं डोकंच फिरलं. सरळ भावजींच्या घरी गेले. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "वहिनी, आपण नुसतं बोंबलायचं न्हाय. रीतसर ठराव मांडायचा. संघ निवडायचा अधिकार सरांचाच, आन सर हितंच राहणार. सूचक मी."

"अनुमोदक मी," मी म्हणाले.

मग मीच सरांना फोन लावला. त्यांनाही सगळं कळलं होतं. दौंडच्या एका संघानं त्यांना बोलावलं होतं, दुसऱ्या दिवशी होकार कळवणार होते. मी म्हणाले, "सर, त्यांना न्हाय म्हणून सांगा. गाव तुमच्या मागं हाय. सभेला या, तुमच्या डोळ्यांनी बगा."

सर म्हणाले, "दिग्विजयच्या आई, तुम्ही म्हणताय म्हणून थांबतो."

सभा मारुतीच्या देवळापुढं होती. आमच्या भागात सभेला एक वळण पडलेलं आहे. आम्ही सगळे कशाचे ना कशाचे सभासद; सोसायटीच्या, डेअरीच्या सभांत आमचे घसे तयार झालेले. विषयाचं नाव कानावर पडायचा अवकाश, सूचकाचा हात वर, अनुमोदकाचा हात वर, आणि पुढची माणसं 'मंजूर, मंजूर' ओरडून मोकळी. विषयात काय आहे ते मागाहून वाचतात, तोवर निम्मी माणसं चहाकडं वळलेली असतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

सर मागच्या रांगेत येऊन बसले. मी त्यांना हात केला, त्यांनी मान हलवली. आबांनी भावजींना स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मी मनात म्हटलं, आबा नरमले. भावजी स्टेजवरून बोलले तर आपल्या ठरावाला आणखी वजन. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या मागं, ती अशी.

पहिले विषय भराभर उरकले. मग आबांनी माईक हातात घेतला. "विषय चौथा. संघाच्या खेळात आन कारभारात सुधारणा करण्याबाबत. सूचक, मानसिंगराव!"

भावजींचा हात वर गेला. मी म्हटलं, आला आपला ठराव.

"अनुमोदक?"

मी उठून उभी राहिले, हात उंच केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मंजूर!"

माझ्यामागं सगळी सभा ओरडली. टाळ्या पडल्या. आणि मग आबांनी पुढचं वाचलं. संघ निवडायला तांत्रिक समिती. समितीचे अध्यक्ष मानसिंगराव. प्रशिक्षक हे पद आजपासून रद्द.

"आबा!" माझा आवाज फाटला. "हा आमचा ठराव न्हाय! हे आदी वाचलंच न्हाय तुमी!"

"राजलक्ष्मीबाई, अनुमोदन तुमीच दिलं की," आबा हसत म्हणाले. त्या दिवशीच्या मैदानासारखाच देवळापुढचा सगळा जमाव हसला. "गोलच्या मागनं इतकी वर्सं तुमीच सांगत हुता, सुधारणा करा. केली. विषय पाचवा!"

मी भावजींकडं बघितलं. ते शालीची घडी नीट करत होते. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, त्यांच्या घरी मी चहा पीत होते तेव्हाच त्यांचं आबांशी सगळं ठरलेलं होतं. मला अशी चीड आली की स्टेजवर चढून ती शाल ओढून काढावी. शेजारच्या बायकांनी माझा दंड धरला.

सभा मोडली तसे भावजी स्वतःच माझ्याकडं आले. त्यांची हिंमत बघा.

"वहिनी, डोकं शांत करून ऐका. आत असलं म्हंजी चार गोष्टी करता येत्यात. भाईर उभं राहून काय व्हतं? यशराजला मी हळूहळू मागं घेतो."

"फायनलला?"

"फायनलला कसं? आबा काय म्हणतील?"

"भावजी, परक्यानं केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते," मी म्हणाले. "तुमी माझाच हात धरून वर केला. आजपासनं बांधावर दिसलात तरी मला हाक मारू नका."

ते काहीतरी म्हणत होते, पण मी थांबले नाही. मागची रांग रिकामी होती. मी स्टँडकडं जवळजवळ पळतच गेले. चप्पल तुटली, ती हातात घेतली.

सर बारामतीच्या गाडीत चढत होते. खांद्याला तीच सरावाची पिशवी, तिच्यातून शंकूंची टोकं वर आलेली. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. धाप लागली होती. काय काय सांगायचं होतं. ठराव आमचा वेगळा होता, मी ऐकलं नाही, सवयीनं हात वर गेला, मला वाटलं आपलाच विषय आहे. यातलं एकही वाक्य तोंडातून नीट निघेना. सर वरून बघत होते, रागानं नाही, एखाद्या पोरानं सोपा पास चुकवल्यावर बघायचे तसे.

"सर, दौंडचं अजून..."

"त्यांनी दुसरा माणूस घेतला," सर म्हणाले. "मी कळवलं होतं ना, येत नाही म्हणून."

कंडक्टरनं घंटी दिली. मी खिडकीचा गज धरला.

"सर, मला फसवलं हो!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातल्या चपलेकडं बघितलं.

"मलाही," ते म्हणाले.

गाडी हलली, तसा मी गज सोडला.